नकाशाची वरची बाजू

१

करिमुन्निसाबींचं बोट नकाशावरून फिरत फिरत अर्ध्या समुद्रात आलं आणि थांबलं.

‘ह्यो आमचा न्हाय,’ त्या म्हणाल्या.

वाशीच्या त्या लहानशा वाचनालयात नुकतीच समई लावून झाली होती. अध्यक्ष भाषणासाठी घसा साफ करत होते. बाहेर जानेवारीतलं कोवळं ऊन होतं आणि खाडीवरून बोचरा वारा येत होता. म्हातारीचे शब्द पहिल्यांदा कुणाला नीट कळलेच नाहीत. कळले ते एकट्या सुधीर टिपणीसांना, आणि त्यांचं अध्यक्षांकडचं लक्षच उडालं.

कारण नकाशा वाचनालयात आला होता तो त्यांच्या शब्दावर. टिपणीस निवृत्त भूगोलशिक्षक. स्वभाव इतका भिडस्त, की बसमध्ये कंडक्टर तिकीट द्यायला विसरला तर उतरेपर्यंत हेच घामाघूम व्हायचे. जन्मात त्यांनी कुणाला शब्द दिला असेल तर तो बायकोला, लग्नात, आणि तोही भटजींच्या मागून म्हणून. दुसरा शब्द त्यांनी पनवेलला, करिमुन्निसाबी नाखवांच्या घरात दिला होता : ‘तुमचा नकाशा जसाच्या तसा परत येईल.’

प्रदर्शनाचं नाव होतं ‘जुन्या माणसांचं जग’. कल्पना टिपणीसांचीच. भिंतीवर तीन जगं टांगली होती. पहिलं जंबुद्वीप : मधोमध कमळाच्या गाभ्यासारखा मेरू पर्वत, आणि भोवती खाऱ्या पाण्याचा, उसाच्या रसाचा, तुपाचा, दुधाचा असे एकामागून एक समुद्र. दुसरं युरोपातल्या जोग्यांचं : ताटासारखं वाटोळं, पूर्व वर, मधोमध जेरुसलेम आणि कडेला छातीत तोंड असलेली माणसं. आणि तिसरं नाखवांचं. पूर्वी कुणा खलाशानं अरबांच्या नकाशावरून कापडावर उतरवून घेतलेलं, निळ्या समुद्राचं जग. त्यावरची गावांची नावं अरबी अक्षरांत, चहूकडे तोंडं करून लिहिलेली होती.

‘आजी, असं कसं?’ वैजयंतीबाई पुढे आल्या. त्या वाचनालयाच्या कार्यवाह. बोलणं ताठ, पण मनानं सरळ बाई. ‘काल तुमच्याकडून आला तोच हा.’

‘न्हाय गो बाय. हितं हात लाव.’ करिमुन्निसाबींनी त्यांचा हात धरून नकाशाच्या किनाऱ्यावर ठेवला. ‘पनवेलपासनं बसऱ्यापतुर आमच्या मानसांच्या बोटांनी कापड झिजून साय झालंय. ह्यो बघ कसा जाड लागतो. आनि वास घे. ह्याला चायचा वास हाय.’

वैजयंतीबाईंनी वास घेतला. मग त्यांनी पदरानं घाम टिपला आणि मागच्या खोलीतल्या कपाटाकडे जवळजवळ धावतच गेल्या.

२

कपाटात नकाशाची नक्कल असायला हवी होती.

ती गुपित नव्हती. प्रदर्शन संपल्यावर नकाशा परत जाणार, मग वाचनालयाकडे काहीतरी राहावं म्हणून समितीनं रीतसर ठरवून ती करून घेतली होती. ड्रॉइंग मास्तर सुभाष म्हात्रे यांनी मांजरपाटाचं कापड चहाच्या पाण्यात बुडवून जुनं केलं आणि नाखवांच्या घरी बसून रेघन्‌रेघ उतरवली. नक्कल कपाटात आहे हे चारपाच जणांना ठाऊक होतं.

कपाट रिकामं होतं. म्हणजे नक्कल भिंतीवर आली होती आणि अस्सल नकाशा नाहीसा झाला होता.

‘आणखी एक बघा,’ गर्दीतून कुणीतरी म्हणालं. ‘काल संध्याकाळी मी आलो होतो. तेव्हा नकाशा असा नव्हता. आज उलटा टांगलाय.’

खरंच होतं ते. काल उत्तर वर ठेवून नकाशा टांगला होता, शाळेतल्या नकाशासारखा. आज दक्षिण वर होती. आफ्रिका डोक्यावर चढून बसली होती आणि हिंदुस्थानचं टोक आभाळाकडे होतं.

‘उलटा नाही तो, सुलटा आहे,’ शांत, स्वच्छ आवाजात प्रा. सुनीती गुर्जर म्हणाल्या. कॉलेजात इतिहास शिकवणाऱ्या सुनीतीबाई जुन्या नकाशांच्या मोठ्या अभ्यासक. ‘मध्ययुगातले बहुतेक अरबी नकाशे दक्षिण वर धरूनच काढलेले असतात. ज्यानं हा टांगला त्याला ही परंपरा ठाऊक होती.’

त्या कुणाचं नाव घेऊन बोलल्या नाहीत. पण सगळ्यांच्या माना हळूहळू करिमुन्निसाबींच्या नातवाकडे वळल्या.

मकबूल दारापाशी दादीच्या चपला हातात घेऊन उभा होता. आठवड्यावर त्याचं कुवेतला जाणं आलं होतं. व्हिसा झाला होता, एका बोटीच्या कारखान्यात वेल्डरची नोकरी ठरली होती.

‘माझ्याकडं काय बघता?’ तो म्हणाला. ‘आमचाच नकाशा मी चोरनार?’

‘घरच्या वस्तूला बाहेर गिऱ्हाईक असतं बाबा,’ अध्यक्ष खाकरले. ‘आखातात तर म्हणे शेख लोक वाटेल ती किंमत देतात. वैजयंतीबाई, वाचनालयाच्या अब्रूचा प्रश्न आहे. संध्याकाळपर्यंत वाट बघू. नाहीतर पोलिसात तक्रार.’

तक्रारीत नाव आलं की पासपोर्ट अडकणार, हे सांगायला कुणी वकील लागत नव्हता. मकबूलच्या हातातली एक चप्पल खाली पडली.

करिमुन्निसाबी मात्र अध्यक्षांकडे बघतच नव्हत्या. त्या टिपणीसांकडे बघत होत्या.

‘मास्तर,’ त्या म्हणाल्या, ‘तुमी जबान दिलीय.’

३

‘तुम्ही? तुम्ही चोर शोधणार?’ टिपणीसांच्या बायकोनं, स्मितावहिनींनी, ताटात भात वाढता वाढता विचारलं. ‘मागच्या महिन्यात तुमचा स्वतःचा चष्मा सापडेना. कपाळावर होता.’

‘म्हणूनच म्हणतो, माझ्यानं नाही व्हायचं.’

‘मग म्हातारीला तसं सांगून या.’

टिपणीसांचा भात तसाच राहिला.

‘अहो, तिचं तरी एवढं काय अडलंय त्या नकाशावाचून? देव्हाऱ्यात ठेवतात का तो?’

‘तसंच काहीसं,’ टिपणीस म्हणाले. ‘त्यांच्यात घरचा माणूस समुद्रापार निघाला की नकाशा पसरतात. त्यानं पनवेलवर बोट ठेवायचं, जिथं जायचं तिथपर्यंत न्यायचं, आणि उचलायचं नाही, तसंच परत पनवेलला आणायचं. बोट परत आलं म्हणजे माणूस परत येतो. मकबूलचा बाप निघाला तेव्हा म्हणाला, मी विमानानं चाललोय, मला कशाला खलाशांचे सोपस्कार. हसला आणि गेला.’

‘मग?’

‘आला नाही. तिकडेच तापात गेला.’

वहिनींनी वरणाची वाटी खाली ठेवली. खालच्या मैदानात मुलांचं क्रिकेट चाललं होतं.

‘मला एक सांगा,’ वहिनी म्हणाल्या. त्यांचा आवाज आता निराळा होता. ‘मी उद्या शेजारणीच्या बरणीतलं साजूक तूप काढून डालडा भरला, तर बरणी होती तशीच ठेवीन की नाही? लेबल फिरवून ठेवीन का?’

टिपणीसांनी मान वर केली.

‘ज्याला बदल कळू द्यायचा नाही,’ वहिनी म्हणाल्या, ‘तो नकाशा उलटा कशाला टांगेल?’

४

जेवण तसंच टाकून टिपणीस वाचनालयात गेले. दालनात कुणी नव्हतं. नकलेसमोर खुर्ची ओढून ते बसले. आपण काहीतरी मूर्खपणा करतो आहोत असं त्यांना सारखं वाटत होतं, पण बसले.

नकाशावर वरून काळ्या दोऱ्यानं पुठ्ठ्याचा एक लाल बाण सोडला होता. त्यावर लिहिलं होतं : ‘आपण इथे’. बाणाचं टोक कोकणच्या किनाऱ्यावर, एका बारीक अरबी नावापाशी टेकलेलं होतं. टिपणीसांनी चष्मा पुसला. उतारवयात उर्दूचं पहिलं पुस्तक आणून ते घरच्या घरी अक्षरं शिकले होते. एकेक अक्षर लावत त्यांनी नाव वाचलं. तानह. म्हणजे ठाणं.

त्यांनी तो दोरा पुन्हा पाहिला आणि खुर्ची आणखी पुढे ओढली.

‘सर, टेन्शन नका घेऊ,’ मागून आवाज आला. सुभाष म्हात्रे खुर्च्या लावायला आले होते. तुर्भे गावचा गडी, दिलदार आणि बोलघेवडा. ‘पण एक गोष्ट बोलतो. म्हातारीनं नक्कल वळखली ते बरं नाय केलं. सगळे मला विचारतात, मास्तर, तुमची नक्कल पकडली कशी गेली? इज्जतच गेली ना आपली!’

‘सुभाषराव, काल हा बाण तुम्हीच लावलात ना?’

‘हा मग. वैजयंती मॅडम बोलल्या, पब्लिकला आपलं गाव घावलं पाहिजे.’

‘आणि आज तो तिथंच आहे?’

म्हात्रेंनी मान तिरकी करून पाहिलं. ‘नकाशा फिरवला म्हणून बाणपन फिरवला कोनीतरी. पन जागा तीच. मुंबईवर लावला होता, मुंबईवरच हाय.’

‘नावं वाचता येतात तुम्हाला?’

‘मला? सर, मी अक्षरं चित्रासारखी काढली. मुंगीला पाय किती ते मोजून मुंगी काढतात, तशी.’

टिपणीस ‘बरं’ म्हणाले.

मग त्यांनी वैजयंतीबाईंना गाठलं. बाई वैतागलेल्या होत्या. सकाळी दार त्यांनीच उघडलं होतं. झाडून झाल्यावर त्या हार आणायला बाजारात गेल्या, तेवढा वेळ दालन उघडं होतं. कपाटाची किल्ली नेहमीसारखी खिळ्यावर होती.

‘त्या वेळात तिघं येऊन गेले,’ त्या म्हणाल्या. ‘म्हात्रे खुर्च्या घेऊन, मकबूल आजींसाठी सतरंजी ठेवायला आणि सुनीतीताई त्यांच्या जंबुद्वीपाखाली चिठ्ठी लावायला. ते चित्र त्यांच्या घरचं ना. आणि चौथी मी. माझ्यावर संशय असला तर तसं सांगा, टिपणीस, मला आडून बोललेलं आवडत नाही.’

‘नाही, नाही,’ टिपणीस गडबडले. ‘उत्तर वर ठेवा असं काल तुम्हीच म्हणाला होतात.’

‘म्हणजे काय! उत्तर वरच असते.’ बाईंनी नकलेकडे नापसंतीनं पाहिलं. ‘हे असं उलटं जग बघून मला गरगरतं.’

मकबूल पायरीवर बसला होता. शेजारी करिमुन्निसाबी सुपारी कातरत होत्या.

‘मकबूल,’ टिपणीसांनी चाचरत विचारलं, ‘तुमच्या घरी नकाशाची वरची बाजू कोणती?’

‘वरची?’ तो चक्रावला. ‘सर, आमी तो जमिनीवर पसरतो. गोल बसतो सगले. ज्याची बाजू त्याची वरची.’

‘दर्यात वर कुटं असतं मास्तर?’ करिमुन्निसाबी हसल्या. त्यांच्या तोंडात मोजके दात होते. ‘ह्याचा आजा बसऱ्याला निघाला का बसरा म्होरं करायचा. परत येताना कोकन म्होरं करायचा. जायचं तिकडं नकाशा फिरवायचा. भिताडावर टांगलेला मी काल पयल्यांदा बघितला. मुडद्यावानी दिसत होता.’

सकाळपासून सगळे ज्या खुंटीवर संशय टांगत होते ती खुंटी भिंतीत नव्हतीच.

आता एकीशीच बोलायचं राहिलं होतं.

५

सुनीतीबाई वाचनखोलीत तपासनीसाच्या काटेकोरपणानं प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या पुन्हा वाचत होत्या. त्यांच्या हातात लाल पेन्सिल होती. टिपणीस त्यांना मनापासून मानत. त्यांच्याशी बोलताना आपण गाढव आहोत असं त्यांना नेहमीपेक्षा थोडं जास्त वाटे.

‘या टिपणीस. बघा, म्हात्रेंनी “जेरुसलेम” चुकवलंय. असलं काही नजरेखालून गेलं की मला चैनच पडत नाही.’

‘मलाही,’ टिपणीस म्हणाले. ‘पण मी बोलत नाही.’

‘का?’

‘वाटतं, आपलंच चुकत असेल.’

बाई हसल्या. मग गंभीर झाल्या. ‘त्या पोराचं वाईट वाटतं मला. पण खरं सांगू? नकाशा त्या घरात राहिला नाही हे एका परीनं बरं झालं असंही वाटतं. ते लोक त्याच्यावर बोटं फिरवतात, टिपणीस! तेलाची, सुपारीची बोटं! कोकणचा किनारा जवळजवळ पुसून गेलाय. तीनदा जाऊन मी त्या आजींच्या विनवण्या केल्या, की मला द्या, मी जपेन, त्यावर लिहीन. त्या म्हणाल्या, जपून ठेवलेला नकाशा कुठं जात नाही.’

‘मकबूलनं नेला असेल असं तुम्हाला वाटतं?’

‘मी नाव घेणार नाही. पण दक्षिण वर ठेवणं हा काही योगायोग नव्हे. वैजयंतीबाई तसा टांगणार नाहीत, म्हात्रेही नाहीत. ज्याच्या रक्तात ती परंपरा आहे तोच टांगेल.’

टिपणीसांनी मान डोलावली. उठून निघून जावं, वहिनींना सांगावं की जमलं नाही, असं त्यांना फार वाटलं. बायकोनं त्यांना ते कधीच ऐकवलं नसतं, आणि तेच जास्त लागलं असतं.

‘बाई,’ ते म्हणाले, ‘मला तुम्हाला एक चूक सांगायची आहे. कालची. मी काल बोललो नव्हतो.’

लाल पेन्सिल हवेत थांबली.

६

‘काल संध्याकाळी म्हात्र्यांनी बाण लावला,’ टिपणीस सांगू लागले. ते बाईंकडे न बघता टेबलावरच्या शाईच्या डागाकडे बघत होते. ‘त्यांनी तो मुंबईवर लावला नव्हता. गुजरातेतल्या खंबायतच्या आखातावर लावला होता. त्या नकाशातलं आखात आपल्या खाडीसारखं दिसतं, त्यांची गफलत झाली. मला ते लगेच दिसलं. मी सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. एवढा गाजावाजा कशाला, आणि माझंच वाचन कच्चं असलं तर? आज सकाळी बघतो तर बाण ठाण्यावर. अगदी नावाच्या पहिल्या अक्षरापाशी.’

सुनीतीबाईंनी समोरची चिठ्ठी पालथी केली.

‘आमची मंडळी म्हणाली, तूप चोरणारा बरणी होती तशीच ठेवतो. इथं चोरानं दोन गोष्टी बदलल्या. नकाशा फिरवला आणि बाण सरकवला. दोन्हींनी त्याचा तोटाच होता, लक्ष वेधलं जाणार होतं. मग का केलं? मी विचार केला, दोन्ही गोष्टींत सारखं काय आहे? तर दोन्ही गोष्टी दुरुस्त्या आहेत.’

बाहेर कुठंतरी खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

‘म्हात्रे बाण दुरुस्त करू शकत नाहीत, त्यांना तो चुकलाय हेच ठाऊक नाही. वैजयंतीबाईंना अक्षरं येत नाहीत, आणि दक्षिण वर बघितली की त्यांना गरगरतं. मकबूलला अक्षरं येतात. बाण तो नीट लावू शकला असता. पण नकाशा त्यानं फिरवला नसता, कारण त्याच्या घरी नकाशाला वर आणि खाली नाहीच. तो जमिनीवर असतो. शिवाय दादीचं बोट नक्कल ओळखणार हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? तो चोर असता तर तिला हाताला धरून इथं आणता का?’

‘अरबी नकाशात दक्षिण वर असते,’ सुनीतीबाई हलकेच म्हणाल्या.

‘हो. पण ते पुस्तकात, बाई. नाखवांच्या घरात नाही. ते पुस्तक तुम्ही वाचलंय आणि मी वाचलंय.’ टिपणीसांनी कसनुसं हसून पाहिलं. ‘तशी शंका माझ्यावरही घेता येईल. दोन्ही चुका मलाही दिसल्या होत्या. पण मी त्या दुरुस्त करणाऱ्यांतला नाही, हे साऱ्या वाशीला ठाऊक आहे.’

सुनीतीबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. ती गडगडत कडेला गेली, आणि टिपणीसांनी ती पडायच्या आत धरली.

‘नकाशा अजून याच इमारतीत आहे असं मला वाटतं,’ ते म्हणाले. ‘गुंडाळी घेऊन सकाळी बाहेर पडणं अवघड होतं. पण प्रदर्शन संपल्यावर इथून एक मोठी चौकट तुम्ही उजळ माथ्यानं घरी नेणार आहात. तुमचं जंबुद्वीप.’

बाईंचे डोळे लाल झाले होते, पण आवाज कापला नाही.

‘मी फक्त वाचवत होते तो.’

‘ठाऊक आहे.’

‘नक्कल लावून निघाले होते मी. दारापर्यंत पोहोचले. मागे वळून पाहिलं. उत्तर वर आणि आपण खंबायतला! उद्या शेकडो लोक हे बघून शिकणार...’ त्यांनी कपाळावर हात ठेवला. ‘परत आले. राहवलं नाही हो मला.’

‘मलाही काल रात्रभर झोप नव्हती,’ टिपणीस म्हणाले. ‘तो बाण डोळ्यांसमोरून जाईना.’

मग त्यांनी, आयुष्यात पहिल्यांदाच असावं, एक बेत सुचवला. ‘सुरक्षिततेसाठी अस्सल नकाशा मागे ठेवला होता आणि सांगायचं राहून गेलं, असं म्हणता येईल. मकबूल सुटेल. तुम्हीही.’

सुनीतीबाई उठल्या. त्यांनी पदर सारखा केला.

‘चला,’ एवढंच त्या म्हणाल्या.

७

अध्यक्ष पोलीस चौकीकडे निघायच्या बेतात होते. वैजयंतीबाई त्यांना, ‘अजून ऊन आहे, संध्याकाळ कुठं झालीय?’ म्हणून अडवत होत्या. मकबूल भिंतीला टेकून उभा होता. आत येताच सुनीतीबाई सरळ जंबुद्वीपापाशी गेल्या, चौकट उतरवली, मागच्या पुठ्ठ्याला ठोकलेल्या बारीक चुका उपटून काढल्या. मेरू पर्वताच्या आणि साऱ्या समुद्रांच्या पाठीमागून एक जुनं, सायीसारखं मऊ कापड बाहेर आलं.

दालनात लवंगेचा आणि बोटीला लावतात त्या माशाच्या तेलाचा वास पसरला.

‘सुनीतीताई!’ वैजयंतीबाईंचा हात तोंडावर गेला. ‘म्हणजे कुणी सुरक्षित म्हणून तिथं...’

टिपणीसांनी मान खाली घातली. सुचवलेलं खोटं आता तिथं तयार उभं होतं, नुसतं हो म्हणायचं होतं.

‘नाही,’ सुनीतीबाई म्हणाल्या. ‘मी चोरला.’ त्या करिमुन्निसाबींपुढे जाऊन उभ्या राहिल्या. ‘आणि नाव मकबूलवर जाऊ दिलं. हे दुसरं पहिल्यापेक्षा वाईट.’

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि तो नुसताच साफ राहिला. करिमुन्निसाबींनी कापड छातीशी धरलं, त्याचा वास घेतला. मग नातवाला म्हणाल्या, ‘मकबूल, सतरंजी हातर.’

‘हितं? दादी, घरी जाऊ ना.’

‘हितंच. मला आता धीर न्हाय.’

सतरंजी अंथरली गेली, तिच्यावर नकाशा. म्हातारीनं तो हलक्या हातांनी फिरवला, फिरवला, आणि आखाताचं टोक मकबूलच्या समोर आणलं. सगळे नकळत चपला काढून भोवती आले. वैजयंतीबाई दक्षिणेला बसल्या, म्हात्रे मांडी घालून पूर्वेला.

सुनीतीबाई लांब, दाराजवळ उभ्या होत्या. जावं की थांबावं हे त्यांना ठरवता येत नव्हतं.

‘तू कुटं चाललीस?’ करिमुन्निसाबी म्हणाल्या.

‘आजी, मी कोणत्या तोंडानं...’

‘तोंड ऱ्हाऊ दे. माझ्या पोराचं नाव घेत व्हते लोक तवा तू गप बसलीस, त्ये मी इसरनार न्हाय. खोटं कशाला सांगू?’ म्हातारीनं सुपारीची खांडं पदरात बांधली. ‘पन तुला ह्याच्यावर लिवायचं हाय नं? मंग पनवेलला यायचं आनि बसून लिवायचं. आनि पयलं बघायचं, ह्यो कशासाटी हाय त्ये. ये. तुला त्या पल्याडच्या अंगानं सुलटा दिसतो नं? मंग त्या अंगाला बस.’

सुनीतीबाई आल्या आणि दक्षिण समोर येईल अशा उत्तरेच्या बाजूला एकट्या बसल्या. त्यांच्या आजूबाजूची जागा रिकामीच राहिली. तिकडे सरकायला कुणी तयार नव्हतं.

मकबूलनं पनवेलवर बोट ठेवलं. किनारा तिथं इतका पुसला होता की निळ्या रंगाची नुसती आठवण उरली होती. बोट निघालं. सुनीतीबाईंचा हात एकदा अभावितपणे पुढे झाला, अडवायला. मग त्यांनी तो दुसऱ्या हातानं मांडीवर धरून ठेवला. मस्कत आलं, बहारीन आलं, आखाताचं टोक आलं.

‘टेकलं,’ मकबूल म्हणाला.

‘उचलू नको!’ करिमुन्निसाबी, वैजयंतीबाई आणि म्हात्रे, तिघंही एकदम ओरडले.

मकबूल हसला. बोट तसंच दाबून धरत परत निघालं.

टिपणीस अजून उभेच होते. करिमुन्निसाबींची नजर नातवाच्या बोटावरून हलली नव्हती, पण त्यांनी विचारलं, ‘मास्तर, तुमी उबे का? कंच्या बाजूला बसनार?’

आपल्याला कुणी असं विचारलं की टिपणीस गोंधळून जात. या खेपेला ते गोंधळले नाहीत. सतरंजीला वळसा घालून ते गेले, आणि सुनीतीबाईंच्या शेजारी मांडी घालून बसले.